लढला खरा, पण पाहिलं कोणी? ताकेझाकी सुएनागा आणि आपली नोंदवही



आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे. तेराव्या शतकातला जपान, एक गरीब सामुराई आणि त्याची लष्करी कारकीर्द. विज्ञानाचा विद्यार्थी हे का लिहितोय, असा प्रश्न तुम्हाला पडेल, म्हणून आधी माझी एक फजिती सांगतो.

पीएच.डी.चं पहिलं वर्ष. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि प्रयोगशाळेत मी एकटाच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रीडिंग घेत होतो. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे जे प्रमाण द्रावण वापरतोय, त्यातच गडबड आहे. तेव्हा इतका आनंद झाला की विचारू नका. आकडे मी हाताशी असलेल्या एका रिकाम्या पाकिटावर लिहिले आणि खोलीवर जाऊन झोपलो. पाकीट दुसऱ्या दिवशी झाडलोटीत गेलं. पुन्हा मोजू, मग सांगू, असं म्हणत मी दोन आठवडे घालवले. मग प्रगती बैठकीत माझ्याच एका सहकाऱ्याने तीच गोष्ट तारीखवार नोंदींसह मांडली. मी म्हणालो, "सर, हे मला आधीच दिसलं होतं." सरांनी शांतपणे विचारलं, "नोंद कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहकाऱ्याने चोरी केली नव्हती आणि मीही खोटं बोलत नव्हतो. पण बैठकीच्या इतिवृत्तात नाव त्याचं लागलं.

त्या रात्री मेसमध्ये माझं रडगाणं ऐकून वसतिगृहातला इतिहासाचा मित्र म्हणाला, "तू ताकेझाकी सुएनागाबद्दल वाच." मी वाचलं, आणि त्यानंतर नोंदवहीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा सगळ्यांना ही गोष्ट उपयोगी पडेल असं वाटतं. काम करणं आणि आपण ते केलं हे दाखवून देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय एखाद्याने स्वतःच्या कामाबद्दल ठेवलेला पुरावा आपण कसा वाचायचा, हाही प्रश्न आहेच. सुएनागाच्या कारकिर्दीत हे दोन्ही आहे.

सुएनागा कोण होता?

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी क्यूशू हे नैऋत्येकडचं बेट. त्यावरच्या हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतो भागात, १२४६ साली ताकेझाकी सुएनागाचा जन्म झाला. त्या काळी देशाची सूत्रं क्योतोच्या सम्राटाकडे नव्हती. ती कामाकुरा इथल्या लष्करी सरकारकडे, म्हणजे शोगुनशाहीकडे होती. आणि तिथेही शोगुन नावापुरताच, खरा कारभार होजो घराण्याचा. सुएनागाच्या ऐन तारुण्यात होजो तोकिमुने हा सर्वेसर्वा होता.

या सरकारशी थेट निष्ठेने बांधलेल्या योद्ध्याला 'गोकेनिन' म्हणत. हा व्यवहार सरळ होता. योद्ध्याने चाकरी करायची, लढाईला हाक आली की घोडा आणि माणसं घेऊन हजर व्हायचं. बदल्यात सरकार त्याचा जमिनीवरचा हक्क मान्य करणार आणि पराक्रम केला तर नवा हक्क देणार. या हक्काचं नेहमीचं रूप म्हणजे 'जितो'पद. जितो हा एखाद्या गावाचा किंवा मुलखाचा वसुली-व्यवस्था बघणारा अधिकारी. आपल्याकडच्या वाचकाला वतनदार म्हटलं की साधारण कल्पना येईल, फक्त तंतोतंत तुलना करू नका.

सुएनागा गोकेनिन होता खरा, पण हलाखीतला. जमिनीच्या दाव्यात त्याच्या पदरी काही पडलं नव्हतं. जमीन नाही म्हणजे उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणजे पदरी माणसं नाहीत. १२७४ मध्ये लढाईची हाक आली तेव्हा तो २८ वर्षांचा होता, म्हणजे साधारण माझ्या वयाचा. त्याच्यासोबत होते फक्त चार घोडेस्वार. तो धरून पाच.

१२७४ : पाच घोडेस्वार

चीनमध्ये युआन राजवट स्थापन केलेल्या कुबलाई खानाने जपानकडे अनेकदा दूत पाठवले होते. कामाकुराने दाद दिली नाही. शेवटी १२७४ मध्ये मंगोल, चिनी आणि कोरियन सैनिकांचं आरमार निघालं. वाटेत त्सुशिमा आणि इकी ही बेटं मारून नोव्हेंबरात ते क्यूशूच्या हाकाता उपसागरात उतरलं. आजचं फुकुओका शहर ते हेच.

सरकारच्या बाजूने तिथे शोनी कागेसुके हा सेनापती होता. त्याचा हुकूम असा, की सगळे जमा होईपर्यंत थांबा, मग एकत्र हल्ला करू. लष्करी दृष्टीने हा हुकूम शहाणपणाचाच होता. पण सुएनागाची अडचण वेगळी होती. शेकडो स्वारांच्या झुंडीत पाच जणांची तुकडी कोणाच्या डोळ्यात भरणार? थोडी माणसं असलेल्याला नजरेत येण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे सर्वात आधी शत्रूवर तुटून पडणं. जपानी युद्धव्यवहारात पहिला हल्ला करणाऱ्याला वेगळा मान होता आणि तो बक्षिसाला पात्र ठरायचा. सुएनागाने आपली अडचण कागेसुकेला कळवली आणि तो पुढे निघाला.

त्या दिवशी त्याने आणखी एक गोष्ट केली. एदा हिदेइए नावाच्या योद्ध्याशी त्याने शिरस्त्राणाची अदलाबदल केली. धुमश्चक्रीत एकमेकांना ओळखता यावं आणि नंतर एकमेकांची साक्ष देता यावी म्हणून. म्हणजे हा गडी लढाईला उतरण्याआधीच पुराव्याची सोय करत होता!

वाटेत आकासाकाकडून किकुची ताकेफुसाची माणसं परतताना भेटली. त्यांनी तिथून शत्रूला हुसकावलं होतं. सुएनागा पुढे तोरीकाईच्या किनाऱ्याकडे निघाला. त्याच्या पदरी असलेल्या तो गेन्दा सुकेमित्सुने त्याला अडवलं. मागून आपली माणसं येताहेत, त्यांची वाट पाहू, साक्षीदार मिळवू आणि मगच भिडू, असं त्याचं म्हणणं. सुएनागाने ते ऐकलं नाही. धनुष्यबाण धरणाऱ्याने आधी पराक्रम करावा, असं म्हणून त्याने घोडा दामटला.

व्हायचं तेच झालं. निशाण धरणाऱ्याचा घोडा बाण लागून कोसळला. सुएनागा आणि त्याचे तीन साथीदार जखमी झाले, त्याचा घोडाही घायाळ झाला. हिझेन प्रांताचा शिरोइशी मिचियासु शंभरावर स्वार घेऊन मागून आला म्हणून सुएनागा वाचला. पुढे दोघांनी एकमेकांची साक्ष द्यायचं ठरवलं. तू मला पाहिलंस, मी तुला पाहिलं.

इथे जरा थांबा. सुकेमित्सुचा सल्ला म्हणजे कोणत्याही चांगल्या सीनियरने दिलेला सल्ला आहे. निष्कर्ष जाहीर करण्याआधी कोणाला तरी दाखव, पुन्हा मोज. आणि सुएनागाची घाई म्हणजे आपली सगळ्यांची घाई. दुसरा कोणी आधी पोहोचला तर काय, ही भीती. यात एक मूर्ख आणि एक शहाणा असं नाही. लहान प्रयोगशाळेतल्या, तुटपुंज्या निधीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला थांबणं परवडत नाही, आणि घाई तर त्याहून परवडत नाही.

१२७५ : कामाकुराची वारी

आरमार परत गेलं. महिने उलटले. सुएनागाला बक्षीस मिळालं नाही. सर्वात आधी हल्ला केल्याची आपली गोष्ट वरपर्यंत पोहोचलीच नाही, ही त्याची तक्रार होती.

आपण असतो तर चार दिवस चरफडलो असतो आणि गप्प बसलो असतो. सुएनागाने घोडे आणि खोगिरं विकून पैसे उभे केले. नातेवाइकांना हा उद्योग पसंत नव्हता. १२७५ च्या सहाव्या महिन्यात तो दोन नोकर घेऊन निघाला. क्यूशूहून कामाकुरा म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त वाट. वाटेत, तारुण्यात पदार्पणाच्या विधीत ज्याने त्याला टोपी घातली होती, तो मानलेला वडील भेटला. त्याने घोडा आणि वाटखर्च दिला. देवळांत नवस बोलत सुएनागा आठव्या महिन्यात कामाकुराला पोहोचला.

पुढचा भाग वाचताना मला विद्यापीठाच्या खिडक्या आठवल्या. या अधिकाऱ्याकडे जा, त्या अधिकाऱ्याकडे जा. सोबत लवाजमा नाही, म्हणजे माणूस किरकोळ, म्हणून कोणी ऐकूनच घेईना. जवळजवळ दोन महिने असे गेले. अखेर दहाव्या महिन्यात बक्षिसांचं खातं सांभाळणाऱ्या अदाची यासुमोरीसमोर त्याला उभं राहता आलं. यासुमोरी हे त्या सरकारातलं फार मोठं प्रस्थ.

यासुमोरीने जे विचारलं, ते आजच्या कुठल्याही मूल्यमापन समितीला शोभेल. शत्रूचं शीर आणलंस का? तुझी माणसं कामी आली का? दोन्हीचं उत्तर नाही असं होतं. जखमा झाल्या, एवढंच. मग तेवढ्यावर बक्षीस कसं मिळणार?

सुएनागाचा युक्तिवाद मला फार आवडतो. तो म्हणाला, मी बक्षिसासाठी हटून बसलेलो नाही. मी पहिला होतो की नाही, एवढंच तपासा. सेनापती कागेसुकेला शपथेवर विचारा. मी खोटा ठरलो तर माझं डोकं उडवा. म्हणजे त्याने दयेची याचना केली नाही. आपला दावा खोटा ठरवायचा असेल तर तो कसा ठरवता येईल, हेही त्यानेच सांगितलं. संशोधन प्रस्ताव लिहिताना आपण गृहीतकाबद्दल नेमकं हेच करायला शिकतो. माझं म्हणणं कशाने चुकीचं ठरेल, हे आधीच सांगायचं.

यासुमोरीने ऐकलं. अकराव्या महिन्यात सुएनागाला हिगो प्रांतातल्याच काइतोचं जितोपद मिळालं. इतर १२० हून जास्त जणांची बक्षिसं क्यूशूच्या अधिकाऱ्यांमार्फत जाणार होती, सुएनागाची सनद मात्र त्याच्या हातात देण्यात आली. वर यासुमोरीने एक घोडाही दिला.

जे मोजता येतं तेच मोजलं की काय होतं?

यासुमोरीच्या दोन प्रश्नांकडे पुन्हा बघूया. कापलेली शीरं आणि मेलेली माणसं. तो क्रूर होता म्हणून हे विचारत होता असं नाही. कामाकुरात बसून क्यूशूच्या रणांगणावरचा पराक्रम कसा मोजणार? शीर हा हातात धरता येणारा पुरावा, मृत्यू हा लपवता न येणारा पुरावा. वेळेवर घेतलेला निर्णय, मोडलेला शत्रूचा धीर, वाचवलेला सोबती, या गोष्टी कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. शोधनिबंधांची संख्या आणि नियतकालिकाचा दर्जा बघून माणूस मोजणारी आपली पद्धत याच जातीची आहे.

अशा मापाचा एक ठरलेला परिणाम होतो. माप हेच उद्दिष्ट बनतं. शीर आणलं की बक्षीस, हे पक्कं झालं की माणूस लढाई सोडून शीर कापण्यात आणि ते सांभाळून मागे नेण्यात वेळ घालवणार. पुढच्या शतकात जपानी सेनानींना हा त्रास इतका जाणवला की १३३८ च्या सुमारास को नो मोरोनाओ याने नियमच बदलला. शीर जवळच्या सोबत्यांना जागेवर दाखवा, त्यांची साक्ष घ्या आणि शीर तिथेच टाकून पुढे लढा. म्हणजे वस्तूरूप पुराव्याची जागा साक्षीने घेतली.

याच चौदाव्या शतकात योद्ध्यांचे लेखी अर्जही सर्रास दिसू लागतात. त्यांना 'गुनचूजो' म्हणत. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक सेनापतीच्या हाताखाली लढलो. माझ्या अमुक माणसाला डाव्या मांडीत बाण लागला. साक्षीदार अमुक आणि तमुक. सेनापती त्यावर पाहिल्याचा शेरा मारून आपली सही करी आणि कागद योद्ध्याला परत देई. जखमा खऱ्या की खोट्या, खोल की वरवरच्या, हेही तपासलं जाई.

आज हेच कंटाळवाणे अर्ज इतिहासकारांसाठी खजिना ठरलेत. सामुराई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलवार येते. पण चौदाव्या शतकातल्या अशा कागदांमधल्या जखमा मोजल्या, तर सुमारे तीन-चतुर्थांश जखमा बाणांच्या निघतात. एकेकाने आपापल्या बक्षिसासाठी केलेली नोंद सहाशे वर्षांनी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. म्हणून सांगतो, नोंदवहीत आज बिनकामाचा वाटणारा तपशीलही लिहा. खोलीचं तापमान, रसायनाचा बॅच क्रमांक, वीज गेल्याची वेळ. त्याचा उपयोग कोणाला, कशासाठी होईल, हे आज कळत नसतं.

१२८१ : उधारीचं जहाज

पहिल्या स्वारीनंतर १२७६ पासून हाकाता उपसागराच्या काठाने सुमारे २० किलोमीटर लांबीची दगडी तटबंदी उभी राहिली. क्यूशूच्या प्रांतांना तिचे तुकडे वाटून दिले होते. हिगोच्या वाट्याला इकिनोमात्सुबारा इथला भाग आला. त्या तटाचे अवशेष आजही बघायला मिळतात.

१२८१ मध्ये दोन आरमारं आली, एक कोरियातून आणि एक दक्षिण चीनमधून. आता सुएनागा जमीनधारक होता, पण समुद्रात जाऊन लढायला त्याच्याकडे जहाज नव्हतं. ऑगस्टमध्ये वादळाने शत्रूच्या आरमाराची दाणादाण उडाली आणि उरलेल्यांचा पाठलाग सुरू झाला. सुएनागा किनाऱ्यावर अडकला होता. तेव्हा त्याने चक्क थाप मारली. आपल्याला वरिष्ठांचा खास हुकूम आहे, असं सांगून तो दुसऱ्याच्या नावेत चढला. या धांदलीत त्याची माणसं मागे राहिली आणि शिरस्त्राणही त्यांच्यापाशीच राहिलं. मग पायांच्या नडग्यांवरची कवचं सोडून त्याने ती डोक्याला बांधली आणि शत्रूच्या जहाजावर उडी घेतली. या वेळी त्याने शीरं मिळवली. यासुमोरीचा सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न तो विसरला नव्हता, असं मला वाटतं.

लढाई संपल्यावर त्याने लगेच अधिकाऱ्यांकडे जाऊन घडलेलं नोंदवलं. पहिल्या वेळची चूक त्याने दुसऱ्यांदा केली नाही.

एवढं सगळं आपल्याला कसं माहीत?

आता संशोधकाला पडायलाच हवा तो प्रश्न. हे सगळं सांगितलं कोणी? उत्तर आहे, बहुतांशी सुएनागानेच. त्याने आपल्या कारकिर्दीची चित्रं आणि मजकूर असलेली लांबलचक गुंडाळी करवून घेतली. 'मोको शूराई एकोतोबा', म्हणजे मंगोल स्वारीचं सचित्र आख्यान, या नावाने ती ओळखली जाते. पहिल्या भागात १२७४ ची लढाई आणि कामाकुराची वारी आहे, दुसऱ्यात १२८१. पुढे ती हिगोमधल्याच ओयानो घराण्याकडे राहिली. १८९० मध्ये ती जपानच्या राजघराण्याला देण्यात आली आणि २०२१ मध्ये तिला 'राष्ट्रीय ठेवा' हा दर्जा मिळाला.

म्हणजे आपला मुख्य साक्षीदार हा स्वतःच्या दाव्याचा लाभार्थी आहे. मग त्याचं सगळं फेकून द्यायचं का? तसं नाही. तीन गोष्टी तपासून बघूया.

पहिली गोष्ट तारखेची. गुंडाळीच्या शेवटी 'एइनिन'च्या पहिल्या वर्षाचा दुसरा महिना, अशी तारीख आहे. हे वर्ष म्हणजे १२९३. पण एइनिन हे कालनाम सुरूच झालं त्या वर्षाच्या आठव्या महिन्यात! दुसऱ्या महिन्यात बसून ते नाव कोणाला माहीत असणार? म्हणजे ही ओळ नंतर लिहिली गेली असणार. एवढ्याने सगळी गुंडाळी खोटी ठरत नाही, पण तारीख दिसली की डोळे मिटून उतरवून घ्यायची नाही, हा धडा मिळतो.

दुसरी गोष्ट चित्राची. जपानी शाळकरी मुलांच्या पुस्तकात हमखास असणारं एक दृश्य आहे. घायाळ घोड्यावर सुएनागा, हवेत फुटणारा दारूगोळा आणि समोर बाण सोडणारे तीन मंगोल. काही अभ्यासकांच्या मते हे तिघे मूळ चित्रात नव्हते, कोणीतरी नंतर ते रंगवले. फुटणाऱ्या गोळ्याबद्दलही अशीच शंका घेतली गेली. पण ताकाशिमा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी पुरातत्त्वज्ञांना १२८१ च्या बुडालेल्या आरमाराच्या अवशेषांत भाजलेल्या मातीचे असे गोळे खरोखरच सापडले. बघा, किती मजेशीर परिस्थिती आहे. चित्रातला गोळा कदाचित नंतरचा असेल, पण युद्धातला गोळा खरा. स्रोत संशयास्पद असला तरी त्यातली माहिती बरोबर असू शकते. दोन्ही प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात, आणि त्यासाठी दुसऱ्या जातीचा पुरावा लागतो.

तिसरी गोष्ट त्या थापेची. माणूस स्वतःला कमीपणा आणणारं सहसा खोटं सांगत नाही, म्हणून असा तपशील जास्त विश्वासार्ह, असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशोबाने नावेत चढण्यासाठी मारलेली थाप खरी धरायला हवी. पण जपून. आपल्याला जे लाजिरवाणं वाटतं ते सुएनागाला वाटत होतं का? कदाचित लढाईत पोहोचण्यासाठी काय वाट्टेल ते करणारा माणूस, ही त्याच्या लेखी फुशारकीच असेल. आपल्या काळाची लाज त्याच्या काळावर लादली की विश्लेषण घसरतं.

जाता जाता, सामुराई म्हणजे फळाची अपेक्षा न धरता प्राण देणारा निष्ठावंत, ही प्रतिमा आपल्या मनात पक्की आहे. तिला जगभर पसरवण्यात इनाझो नितोबे यांच्या १९०० सालच्या 'बुशिदो' या इंग्रजी पुस्तकाचा मोठा हात आहे. तेराव्या शतकातला सुएनागा मात्र घोडे विकून बक्षीस मागायला हजार किलोमीटर जातो आणि त्याची त्याला जराही लाज वाटत नाही. चाकरी केली, मोबदला द्या. सहाशे वर्षांनंतरच्या पुस्तकातून मागच्या माणसाकडे बघितलं की असा घोळ होतो.

मग त्याने गुंडाळी का केली?

हा प्रश्न मला सर्वात जास्त अस्वस्थ करतो. १२९३ मध्ये बक्षीस मागायचं काही उरलं नव्हतं. मधल्या काळात १२८५ साली कामाकुरात मोठी कत्तल झाली. अदाची यासुमोरी आणि त्याचं घराणं सत्तेच्या भांडणात संपवण्यात आलं. त्याच धामधुमीत क्यूशूमध्ये शोनी कागेसुकेही मारला गेला. नीट बघा, ज्याने सुएनागाचं ऐकून घेतलं तो गेला, आणि ज्याच्या शपथेवर त्याचा दावा उभा होता तोही गेला. साक्षीदारच उरले नाहीत.

गुंडाळीमागे देवाचे आभार मानण्याचा हेतू होता, असं एक मत आहे. यासुमोरीची कृतज्ञ आठवण जपायची होती, असं दुसरं. माझं इतिहासात काही शिक्षण नाही, त्यामुळे मी निवाडा करणार नाही. पण ज्यांनी आपल्याला पाहिलं ती माणसं जगात नसली की आपलं काम झालंच नव्हतं असं होतं का, हा प्रश्न त्याला पडला असावा असं वाटतं. यासुमोरी आज आपल्याला जिवंत माणूस म्हणून दिसतो, हटवादी अर्जदाराचं ऐकणारा, तो बराचसा या गुंडाळीमुळे. आणि साक्षीदारांसाठी थांबा म्हणणाऱ्या सुकेमित्सुचं नावही तिच्यामुळेच उरलं. ज्याचं ऐकलं नाही, त्याचंही नाव सुएनागाने लिहून ठेवलं. हे मला फार मोठं वाटतं.

सुएनागा पुढे काइतोचा कारभार बघत जगला. १३१४ मध्ये त्याने तिथल्या देवस्थानासाठी केलेल्या नियमांचा कागद आहे. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

आपण काय घ्यायचं?

उपदेश करायचा माझा अधिकार नाही, पाकीट हरवणारा मीच. पण त्या बैठकीनंतर मी काय बदललं ते सांगतो.

एक, बांधीव नोंदवही. पानांवर क्रमांक, रोजची तारीख, पेननेच लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खोडरबर नाही. महत्त्वाचं काही दिसलं तर त्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या कोणाला तरी दाखवून पानावर त्याची सही घ्यायची. पहिल्या महिन्यात सगळे हसले. आता दोघे जण माझ्याकडे सही घ्यायला येतात. सुएनागा आणि शिरोइशीसारखं आमचं चाललंय.

दोन, साक्षीदार हा शक्यतो ज्याला त्यात काही मिळणार नाही असा निवडायचा. तू माझी दे, मी तुझी देतो, ही सोय चांगली, पण तिची मर्यादा लक्षात ठेवायची.

तीन, ज्याने सल्ला दिला, मदत केली, अगदी ज्याचं आपण ऐकलं नाही, त्याचंही नाव लिहायचं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात शेवटच्या रात्री नावं आठवत बसण्यापेक्षा हे बरं.

आणि चार, अन्याय झाला असं वाटलं तर चरफडत बसू नका, पण नुसता आवाजही चढवू नका. काय तपासलं म्हणजे खरं-खोटं कळेल, ते सांगा. त्या बैठकीत मी फक्त "मला आधी दिसलं होतं" एवढंच म्हणालो. त्या रात्रीच्या रीडिंग उपकरणाच्या संगणकात असू शकतील, त्या बघा, हे मला सुचलंच नाही. दोन महिन्यांनी सुचलं तेव्हा त्या संगणकाची जुनी माहिती पुसली गेली होती.

त्या प्रमाण द्रावणाबद्दलची टीप आमच्या शोधनिबंधात आली. ती बरोबर आहे, आणि शेवटी तेच महत्त्वाचं. तिच्याखाली सहकाऱ्याचं नाव आहे. मी आता त्याच्यावर रागावलेलो नाही. त्याने थांबून लिहून ठेवलं, मी थांबलो नाही.

तुमची नोंदवही आज उघडा आणि मागच्या आठवड्याचं एखादं पान वाचा. तुम्ही उद्या इथे नसलात, तर त्या पानावरून दुसऱ्या कोणाला तुमचं काम पुढे नेता येईल का? येत असेल तर उत्तम. नसेल, तर आजपासून सुरुवात करा.

भेटू पुढच्या लेखात.